पिशवीचं गाणं

पेनड्राइव्हचं नाव: 'शेखरचे सुपरहिट बारा'. सोबत चार पानी पुस्तिका. तिचा कच्चा मजकूर माझ्यासमोर होता, खाली सहीची जागा. बाराव्या गाण्यात दुसरा आवाज माझा आहे, म्हणून कंपनीला माझी सही हवी. एरवी शेखरने माझी बेल वाजवायचं कारण नाही. घटस्फोटाला सहा वर्षं झाली.

गाणी १ ते ११.
वाचली नाहीत.

गाणे १२. 'मैना आली तोऱ्यात.'
गायक: शेखर. साथ: योगिनी. गीत: कुसाबाई.

कुसाबाई ही शेखरची आई.

गाणे १२, मूळ.
आमच्या लग्नात, मखमलाबादला, विहिणीच्या पंगतीत माझ्या आईने, साळूबाईने, उभ्या उभ्या रचलं:

विहीण आली तोऱ्यात, नथ मिरवी घोळक्यात,
लाडू कोंबले पिशवीत, पिशवी फाटली मांडवात.

जेवणाऱ्या विहिणीला गाण्यातून टोमणे मारायचे आणि तिने ते हसून घ्यायचे, अशी आमच्याकडे रीत. कुसाबाई हसल्या नाहीत. पिशवी खरोखर फाटली होती. दोनशे माणसांनी लाडू घरंगळताना पाहिले होते.

दोन महिन्यांनी शेखरने विहिणीची मैना केली, खाली ढोल टाकला. ओझरपासून सुरगाण्यापर्यंत ते वाजल्याशिवाय हळद होत नाही.

गाणे १२, दुरुस्ती.
मी कुसाबाईंचं नाव खोडलं. वर लिहिलं: साळूबाई. शेखरने कागद ओढून घेतला. त्याने दहा मुलाखतींत सांगितलं होतं, आई जात्यावर गायची, तेच हे. आता शब्द फिरवायचा कसा? शिवाय आईला परवा एका मंडळाने शाल दिली, याच गाण्यासाठी. तिने घेतली.

"तुझ्या आईने शाल घेतली?"

"तिला वाटतं, तिनंच रचलं. वय झालंय. सोड ना."

"तू पढवलंस म्हणून वाटतं."

तो म्हणाला, तुझ्या आईला वाचता येत नाही, तिला काय फरक पडतो. आई खाली बसून मेथी निवडत होती. कालच मळ्यातून आली होती.

"जावईबापू," आई म्हणाली. सहा वर्षांनंतरही ती त्याला मुद्दाम जावईबापूच म्हणते. "छापा तिच्या नावानं. माझी ना नाय."

शेखर लगेच नरमला. मामी, तुम्ही मोठ्या मनाच्या, असं काहीतरी बोलू लागला.

"मन कसलं? मांडवातले समदे जित्ते हायेत. म्हणतील, कुसाबाईनं सोताच्या फाटक्या पिशवीवर गाणं केलं आन् वर शाल बी घेतली. मी मरेस्तोवर हसंन."

शेखरचा चेहरा उतरला. नातेवाईक हसतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने खिशातून पेन काढलं, साळूबाई हे नावही खोडलं आणि लिहिलं: पारंपरिक.

"म्हंजी कोन?" आईने विचारलं.

"म्हणजे कुणीच नाही, आई."

"नगं. कुसाबाईच लिहा. योगिनी, कर सही."

मी केली नाही. आईला म्हटलं, एकतर तुझं नाव, नाहीतर गाणं नाही. शेखर म्हणाला, मग बारावं काढूनच टाकतो, लोक तुला शिव्या घालतील. मी दार उघडून उभी राहिले. जिन्यातून उतरता उतरता तो मला घमेंडखोर म्हणाला, माझ्या आवाजाला भसाडा म्हणाला, आणि खालच्या मजल्यावर पोचल्यावर आणखी काहीतरी, ते ऐकू आलं नाही.

पेनड्राइव्ह निघाला. गाणी अकरा, नाव 'सुपरहिट बारा'च, कारण वेष्टनं आधीच छापून झाली होती.

आई शेखर जिना उतरला त्याच दिवशी मेथी तशीच टाकून मळ्यात परत गेली. फोन उचलत नाही. शेजारणीकडून निरोप आला: माझ्या नावाचं काय लोणचं घालायचं होतं का? एवढी विहीण हातात आली होती, ती पोरीनं सोडून दिली.