पलीकडली रांग

“समोरच्यांनी ओळ झेलली नाय, तर गाणां पडता गो बाये!”

सत्यवती मावशीचा हा आवाज लहानपणापासून माझ्या कानात आहे. पौषात नार्व्याच्या मांडावर, गावाच्या त्या पवित्र अंगणात, बायका धालो खेळायच्या. दोन रांगा समोरासमोर. या रांगेनं ओळ घालायची, त्या रांगेनं उत्तर द्यायचं. एकदा समोरच्या रांगेचा सूर अडला, तेव्हा मावशी कळवळून ओरडली होती. कुणाचं मूल हातातून निसटावं, तशी.

त्याच गाण्यांवर मी पीएच.डी. केली. रामचंद्र सर माझे मार्गदर्शक. मांडाच्या कडेला टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे, मावशीच्या हातचं सांदण मागून खायचे. तिची सगळी गाणी त्यांना पाठ.

गोव्याचं राज्य झालं त्या वर्षी आमच्याकडच्या लोकविद्या विद्यापीठात अधिव्याख्यात्याची जागा निघाली. त्याच सुमाराला कोल्हापूरच्या एका कॉलेजनं मला कायम नोकरी देऊ केली.

“कोल्हापुरात जाऊन काय करणार सुमंगला?” सर म्हणाले. “तुझी गाणी इथं, तुझी माणसं इथं. थांब. मी आहे ना.”

मी थांबले. कोल्हापूरला नकार कळवला, इथं अर्ज भरला.

मुलाखतीला टेबलापलीकडे ओळीनं माणसं बसली होती. शेवटच्या खुर्चीत सर. राजभाषा कोंकणी की मराठी, या वादात झाडं तोडून रस्ते अडवले होते, ते दिवस अजून कुणी विसरलं नव्हतं. अध्यक्षांनी माझा प्रबंध चाळला.

“प्रबंध मराठीत. गाणी मात्र कोंकणीसारखी. तुम्हांला आम्ही कुठल्या फळीवर ठेवायचं?”

सगळे हसले. सरसुद्धा.

“मांडावरच्या बायकांना फळी लागत नाही,” मी म्हटलं.

“असं? मग गाऊनच दाखवा.”

मी उभी राहिले. पदर खोचला. डोळ्यांपुढे मांड आणला.

“नार्व्याच्या न्हंयेत सोन्याची होडी…”

आणि थांबले. थांबावंच लागतं. पुढची ओळ समोरून यायची असते. समोर रांग होती, आणि त्या रांगेत एका माणसाला उत्तर पाठ होतं. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

“पुढचं विसरलात वाटतं,” अध्यक्ष म्हणाले. “बसा.”

जागा अध्यक्षांच्या विद्यार्थ्याला मिळाली. तोवर कोल्हापूरचीही भरली होती.

चतुर्थी झाल्यावर सर नार्व्याला आले. विद्यापीठाच्या संग्रहासाठी मावशीच्या आणखी टेपा हव्या होत्या म्हणे. मावशीनं चहा ठेवला, पाव ठेवला.

“खावा मास्तर. सांदणां खाल्लीत, गाणी नेलीत. आता आणि कितें व्हयां?”

सर कसंनुसं हसले.

“माझ्या चेडवान ओळ घातली,” मावशी म्हणाली, “तेव्हा तुमच्या तोंडात सुपारी होती?”

चहावर साय धरली. सरांनी कप उचलला, खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, जवळजवळ सुरातच, “कोण गो बसली, माहेरा कोण ओढी…”

“आता नको,” मी म्हटलं. “पडलं ते.”

ते अंगणातल्या तुळशीकडे बघत म्हणाले,

“जागा आधीच ठरली होती, सुमंगला. जाहिरात निघायच्या आधी. पण मुलाखतीला निदान तीन उमेदवार लागतात, आणि तुझ्याशिवाय अर्ज दोघांचेच होते. म्हणून तुला थांबवलं.”