आधी निरोप, मग ओळख

दर रविवारी सकाळी साडेदहाला चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत पाच-सहा मंडळी जमत आणि तीच एक रेकॉर्ड ऐकत. खरं तर ऐकत कमी आणि ऐकून घेत जास्त, कारण दुकानाचे मालक रेकॉर्ड लावण्याआधी चाळीस मिनिटं बोलत, ती उलटताना दहा मिनिटं बोलत आणि संपल्यावर चहा गार होईपर्यंत बोलत. सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. रेकॉर्ड होती एका जुन्या बँडच्या मैफलीची. रॉक संगीताला तीन मिनिटांच्या गाण्याचा नुकताच कंटाळा येऊ लागला होता, त्या काळातली. गिटारशेजारी बासरी, बासरीशेजारी ऑर्गन आणि अर्धा तास संपायचं नाव न घेणारी एक रचना. दोन रेकॉर्डींचा हा संच चष्मेवाल्यांनी तरुणपणी जुन्या बाजारात कव्हराशिवाय घेतला होता.

या बँडने जे केलं ते आजवर कोणाच्या बापाला जमलेलं नाही, असं चष्मेवाल्यांचं म्हणणं. पहिली रेकॉर्ड संपताना गायक लोकांचे आभार मानतो, गुड नाइट म्हणतो, टाळ्यांचा कडकडाट होतो. आणि दुसरी रेकॉर्ड सुरू होताच तोच गायक वादकांची एकेक करून ओळख करून देतो. आधी निरोप, मग ओळख. त्या लांबलचक रचनेचंही तेच. उत्तरार्ध पहिल्या रेकॉर्डवर आणि पूर्वार्ध दुसरीच्या शेवटी. इथपर्यंत आलं की मंडळींतले दातांचे डॉक्टर डोळे मिटत आणि रसायनाचे सर वहीत लिहून घेत. सरांनी तर भारावून जाऊन एकदा वर्गात आधी परीक्षा घेतली आणि मग धडा शिकवला. पालकांनी ते खपवून घेतलं नाही.

चष्मेवाल्यांची बायको, म्हणजे मंडळींची वहिनी, पेशाने प्रुफं तपासणारी. ही रेकॉर्ड तिला कधी आवडली नव्हती. ऐकताना काहीतरी अडल्यासारखं वाटायचं, पण हे बोलायची सोय नव्हती. आपल्यालाच कळत नसेल, असं म्हणून ती चहा टाकायला उठे.

आता या सगळ्याचं पुस्तक निघणार होतं. सव्वादोनशे पानं, सत्तावीस वर्षांच्या चिंतनाचं फळ, नाव ‘आधी निरोप, मग ओळख’. सोमवारी छपाई सुरू व्हायची होती आणि प्रुफं अर्थातच घरच्या घरी वहिनीकडे आली. गुरुवारी तिला ऑर्गनवाल्याचं आडनाव तीन पानांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडलं. खरं कुठलं ते बघायला तिने रेकॉर्डी काढल्या. आजवर तिने त्यांना हात लावला नव्हता, मंडळींपैकीही कोणी नाही. तो मान फक्त चष्मेवाल्यांचा.

आडनाव राहिलं बाजूला. पहिल्या रेकॉर्डच्या एका बाजूला बारीक अक्षरात १ छापलेलं होतं आणि दुसऱ्या बाजूला ४. दुसऱ्या रेकॉर्डवर २ आणि ३.

पानं मागेपुढे लागलेली प्रुफं वहिनीने आयुष्यात ढिगाने पाहिली होती. तिला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. बँडने सगळ्यांसारखीच आधी ओळख करून दिली होती आणि शेवटी निरोप घेतला होता. चष्मेवाले पहिल्या बाजूनंतर थेट चौथी लावत होते, एवढंच. सव्वादोनशे पानांत ही एकच मोठी चूक होती, आणि तिच्यावरच सगळं पुस्तक उभं होतं. पुस्तक निघालं तर कोणीतरी शहाणा हे दाखवून देणार आणि नवऱ्याचं चारचौघांत नाक कापलं जाणार. सांगावं तर माणूस कोलमडायचा. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

शनिवारी दुपारी दुकान बंद झाल्यावर तिने त्या रेकॉर्डी त्यांच्यासमोर ठेवल्या आणि आकड्यांवर बोट टेकवलं. चष्मेवाले हातातली काच पुसत राहिले.

“अकरा वर्षं झाली मला कळून,” ते म्हणाले.

त्यांना स्वतःला चाळिशी लागली तेव्हा नवा चष्मा लावून पहिल्यांदा वाचलं ते हेच. मग त्यांनी चौकशी केली. पूर्वी काही प्लेअरवर दोन-तीन रेकॉर्डी एकावर एक रचून ठेवत. एक संपली की वरची आपोआप खाली पडे, शेवटी सगळी चळत एकदम उलटायची. म्हणून १ आणि २ वेगवेगळ्या रेकॉर्डींवर. इतकी साधी गोष्ट. पण तोवर सोळा वर्षं बोलून झालं होतं. डॉक्टर काय म्हणतील, सर काय म्हणतील, या धसक्याने चष्मेवाले पुढची अकरा वर्षंही बोलत राहिले.

“आणि बरोबर लावून कधी ऐकलंत?” वहिनीने विचारलं.

“तू मंगळवारी छापखान्यात जातेस ना, तेव्हा ऐकतो.”

“कसं वाटतं?”

“फार सुंदर आहे गं,” चष्मेवाले म्हणाले. “पण त्यावर बोलण्यासारखं काही नाही.”

तिने त्यांना ते लावायला सांगितलं. एक, दोन, तीन, चार. गायकाने ओळख करून दिली, लोक सैलावले. मग ती मोठी रचना बासरीपासून हळूहळू चढत गेली. मध्येच ड्रमवाल्याच्या हातून काठी सुटून पडल्याचा आवाज आला, लोक हसले, आणि त्याने ती उचलेपर्यंत ऑर्गनवाल्याने एकच सूर धरून ठेवला. शेवटी गुड नाइट आलं, जिथे यायला हवं तिथे आलं, आणि वहिनीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. इतकी वर्षं हे आपल्याला मिळू दिलं नाही म्हणून तिला नवऱ्याचा सपाटून राग आला, आणि त्याच वेळी त्याने ते पुन्हा लावावं असंही वाटलं.

“उद्या त्यांनाही असंच ऐकवा,” ती म्हणाली. “न बोलता. मग पुस्तकाचं ठरवा.”

चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण ते हो म्हणाले.

रविवारी भाषण झालं नाही. मंडळी आधी चुळबुळली. दुसऱ्या बाजूला डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, तिसऱ्या बाजूला सरांनी कोऱ्या वहीत चौकोन काढले. संपल्यावर सरांनी वही मिटली. डॉक्टर म्हणाले, आज जरा सपाटच वाटलं. सर म्हणाले, खोली नव्हती.

मग चष्मेवाले उठून उभे राहिले. त्यांनी पहिली रेकॉर्ड हातात घेतली.

“मी सत्तावीस वर्षं या रेकॉर्डी चुकीच्या क्रमाने लावत होतो,” ते म्हणाले. “सिद्धांत वगैरे काही नाही. माझी चूक होती ती.”

मग डॉक्टरांनी हळूच टाळी वाजवली.

“वा,” ते म्हणाले. “आधी सिद्धांत, मग चूक.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर भराभर लिहू लागले. चष्मेवाल्यांनी पुन्हा सांगून पाहिलं की अहो, मी खरंच चुकलो, आकडे छापलेले आहेत, हे बघा. कोणी बघितलं नाही. सरांनी एवढंच विचारलं की ‘खरंच चुकलो’ यातला ‘खरंच’ कोणत्या अर्थाने घ्यायचा. पुस्तकात यावर वेगळं प्रकरण हवं, यावर सर्वांचं एकमत झालं आणि पुढच्या रविवारी जुन्या पद्धतीनेच लावा, असं बजावून मंडळी पांगली.

वहिनी कप गोळा करत होती. चष्मेवाले खुर्चीत बसून होते. उद्या छापखान्याला काय कळवायचं, असं तिने विचारलं.

“नको छापायला,” ते म्हणाले. मग मोकळ्या खुर्च्यांकडे बघून म्हणाले, “अकरा वर्षं मी या लोकांना घाबरून होतो. मला वाटायचं, हे ऐकतायत.”