चार आटे, बारा आटे

मी चावी बोलतेय. कुलपं-बिलपं विसरा, मी पाणी सोडायची चावी. छातीइतकी उंच लोखंडी दांडी, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातलं झाकण उचलून मला आत घालायचं आणि फिरवायचं, की वस्तीत पाणी येतं. माझा एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा.

मी लोहाराच्या भट्टीतून निघाले, तेव्हा शहरात अकरा व्हॉल्व्ह होते. आताच्या चावीवाल्याचे वडील सकाळी एक फेरी मारत आणि दुपारी ताणून देत. नळाला दिवसभर पाणी असे.

मग शहर टेकडीवर चढलं, तळं बुजवून तिथेही उभं राहिलं. आज व्हॉल्व्ह दोनशे सहा. मुख्य पाइप मात्र तोच! नव्या बहुमजली टॉवरच्या कागदांवर सह्या ठोकताना पाणी कुठून आणणार, हे पालिकेच्या एकाही साहेबाने विचारलं नाही. दिवसभराचे चार तास झाले, चार तासांची चाळीस मिनिटं. मला तर टेकून उभं राहायलाही उसंत नाही.

अलीकडे नवा हुकूम निघाला: टॉवरना बारा आटे, जुन्या गल्लीला चार. गल्ली पाइपाच्या शेवटी. चार आट्यांत तिथल्या नळातून नुसती हवा फुसफुसते. चावीवाल्याची थोरली बहीण तिथेच राहते.

"काय रे सरकारी जावई, चावीला गंज चढला का?" तिने त्याला भर रस्त्यात अडवलं.

"ताई, वरून हुकूम आहे."

"हुकूम बरे येतात वरून! पाणी तेवढं येत नाही. नातू आठ दिवसांचा झाला. त्याची दुपटी मी शेजाऱ्यांकडून पाणी मागून धुतेय."

त्याने मला पुढच्या झाकणात घातलं. माझी मूठ मात्र त्याच्या हातात घामेजली.

दुसऱ्या सकाळी गल्लीच्या झाकणापाशी चार आटे झाले. तो थांबला. मग पुन्हा जोर लावला. पाच. आठ. बारा! बरेच दिवस चार आट्यांपुढे न फिरलेला व्हॉल्व्ह कुरकुरला, माझी कंबर मोडायची वेळ आली, पण मी फिरले. गल्लीभर भांड्यांचा दणदणाट उठला.

तासाभरात टॉवरमधून सतरा तक्रारी. वरच्या मजल्यांवर पाणी चढलंच नव्हतं.

"टॉवरचे आटे कमी केलेस?" साहेब कडाडले.

"नाही साहेब. दोघांना बारा-बारा दिले. पाइपच पुरला नाही."

पाइपाची चौकशी झाली नाही. चावीवाला निलंबित झाला.

मी आता कचेरीच्या कोपऱ्यात जप्त आहे. लवकरच मोटारीवर फिरणारे व्हॉल्व्ह येणार म्हणे. साहेब खुर्चीतून बटण दाबतील. दाबा खुशाल! पण पुढच्या टॉवरवर सही करण्याआधी एकदा सकाळी गल्लीच्या शेवटच्या नळापाशी या, आणि त्या ताईला स्वतःच्या तोंडाने सांगा, की तिच्या नातवाच्या वाट्याला चारच आटे आहेत.