घोडेटोकचा वारा

वाऱ्याने गाडीचे दार शर्मिलाच्या हातातून हिसकावून घेतले. तिने ते दोन्ही हातांनी धरून आपटले आणि पलीकडे जाऊन आईला उतरवले. पुण्याहून निघाल्यापासून सात तासांत दोघींचे फारसे बोलणे झाले नव्हते. घोडेटोक बघायचा हट्ट हिराबाईंचा होता. खराडीच्या ऑफिसातून मुश्किलीने मिळालेली रजा शर्मिलाची.

समुद्रात लांबवर घुसलेले काळ्या कातळाचे टोक आणि त्यावर पांढरे दीपगृह. शर्मिलाचे वडील, सीताराम, इथे नऊ वर्षे नोकरीला होते. वर्षातून दोनदा घरी यायचे. तिथे वादळे होतात, लेकराबाळांनी राहण्यासारखी जागा नाही, हे ऐकतच ती येरवड्यात वाढली. धाकटा भाऊ समाधान टायफॉइडने फणफणला तेव्हा आईने त्याला पाठीवर टाकून दवाखाना गाठला होता, आणि नऊ वर्षांची शर्मिला पिशवी घेऊन मागून धावत होती. तेव्हापासून ती बाबांशी कामापुरतेच बोलली. गेल्या वर्षी ते वारले, तेव्हाही तिच्या डोळ्यांत पाणी आले नाही.

दीपगृहाचा कर्मचारी हिंदुराव त्यांना आवार दाखवू लागला. मागच्या बाजूला तीन दगडी, कौलारू घरे होती. दारात पपईचे झाड, दोरीवर लहान मुलीचे फ्रॉक.

"इथं कोण राहतं?" शर्मिलाने विचारले.

"आम्हीच. फॅमिली क्वार्टर्स आहेत. पहिल्यापासून."

"आणि वादळं?"

"येतात की पावसाळ्यात. दारं लावून घ्यायची. माझी दोन्ही पोरं इथंच वाढली, मॅडम."

तो चहा सांगायला गेला. शर्मिला आईकडे वळली.

"ऐकलंस? दारं लावून घ्यायची. एवढंच करायचं होतं त्यांना."

"शर्मिला."

"नाही, जागा छान आहे. लोक मुद्दाम बघायला येतात. नऊ वर्षं समुद्र बघत बसले, आणि तू तिकडं एकटी मरत होतीस."

हिराबाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

"मी राहिलेय इथं," त्या म्हणाल्या. "त्या मधल्या घरात. बारा दिवस. तू तीन वर्षांची होतीस."

हिराबाईंनी त्या घराकडे बोट केले.

"पाणी खालच्या वाडीतून आणायचं. आपण कोण, ते दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना कळलं. वाडीतल्या बायका मला विहिरीच्या ओट्यावर चढू द्यायच्या नाहीत. मी खाली घागर ठेवायची, त्या वरून ओतणार. मी घेतलं ओतून. बाराव्या दिवशी तुला तहान लागली. तू ओंजळ पुढं केलीस. अंग चोरून, त्या बाईला हात लागणार नाही अशी. तुला कुणी शिकवलं नव्हतं ते."

वारा कानात घोंघावत होता. हिराबाईंचा आवाज मात्र चढला नाही.

"त्याच दिवशी मी ट्रंक भरली. हे म्हणाले, पाणी मी आणत जाईन. मी म्हटलं, पाण्याचं नाही बोलत मी. बदली मागत राहिले बिचारे. लवकर मिळाली नाही."

"मग वादळाचं कुणी सांगितलं?"

"मीच. दुसरं काय सांगणार होते तुम्हाला?"

"आणि बाबा ऐकून घेत राहिले?" शर्मिला ओरडली. "मी काय काय बोलले त्यांना. तू समोर असायचीस, आई."

"दोनदा म्हटलं त्यांना, पोरीला सांगून टाकते. नको म्हणाले. तिला आठवत नाही ना, मग राहू दे. माझ्यावर रागावली तर चालेल."

शर्मिलाने दगडी कठड्यावर मूठ आपटली. मग पुन्हा एकदा. बोटांची सालटी निघाली तेव्हा हिराबाईंनी तिचा हात धरला.

"विहीर कुठंय?"

"खाली. पण आता भांडायला कोण असणार तिथं?"

"मला बघायचीय."

"मलाही," हिराबाई म्हणाल्या. "मी काय समुद्र बघायला आले होय?"

वाडी दहा मिनिटांवर होती. विहिरीवर आता लोखंडी जाळी होती, पंप होता. ओट्यावर एक तरुण बाई कपडे धूत होती.

"कुणाकडं आलात?"

"लाइटहाऊसवर सीताराम होते, त्यांची बायको मी."

नाव तिच्या ओळखीचे नव्हते. तिने बादली सरकवून जागा केली. हिराबाईंनी चपला काढल्या नाहीत. गुडघ्यावर हात ठेवत त्या एकेक करून तिन्ही पायऱ्या चढल्या आणि ओट्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"पाणी हवंय का, आजी?"

"नको," हिराबाई म्हणाल्या. "जरा उभी राहते."

ती बाई गोंधळून शर्मिलाकडे बघू लागली.  शर्मिला वर चढली आणि आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.