तिसरा अभ्रा

पारोळ्याला सुंदरबाईच्या घरी त्या दिवशी चुलीवर भाजी नव्हती, रंग होता. जर्मनच्या जुन्या पातेल्यात राणी रंगाची पुडी, मूठभर मीठ आणि पाणी खदखदत होतं आणि त्यात उशांचे तीन अभ्रे बुडवले होते, सगळे दोऱ्याने गच्च बांधलेले. सुंदरबाईची धाकटी मुलगी पुना ही बांधणी शिवणक्लासात शिकली होती. कापडाची चिमूट धरायची, आत दाणा ठेवायचा, वरून दोरा करकचून गुंडाळायचा. रंगातून काढून दोरा सोडला की तेवढ्या जागी पांढरं कडं उमटतं. त्या सालात ज्या घरी लग्न निघे, त्या घरच्या रुखवतात असले अभ्रे असायचेच.

लग्न पुनाचं होतं आणि नवरदेव होता धुळ्याचा भाईदास, तिच्या मोठ्या बहिणीचा, कोकिळाचा नवरा. कोकिळा पहिल्याच बाळंतपणात गेली, मुलगा तेवढा वाचला. पुढे वर्षाच्या आतच दोन्हीकडच्या शहाण्यासुरत्या माणसांनी ठरवून टाकलं की धाकटीलाही त्याच घरी द्यावी, लेकराला मावशीइतकी माया दुसरी कोण लावणार? शहाणी माणसं एकदा एका सुरात बोलायला लागली, की लग्न नेमकं कोणाचं आहे ते विचारायचं राहून जातं. पुनाला कोणी विचारलं नाही. तिच्या आईनेही नाही.

आईचं तरी काय सांगावं. कोकिळा गेल्यापासून सुंदरबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. भावकीतल्या बायकांनी तिला रडवायचा पुष्कळ खटाटोप केला, गळ्यात पडल्या, कोकिळाच्या लहानपणीच्या गोष्टी काढल्या, आणि शेवटी स्वतःच रडून घरी गेल्या. सुंदरबाई भाकरी थापायची, कापूस वेचायला जायची, कोणी हसलं की हसायचीही, फक्त जरा उशिराने. तिच्या नवऱ्याने, पंडितने, "पुनाले देऊत ना तथं?" असं विचारलं, तेव्हा ती "द्या" म्हणाली. मीठ मागितलं असतं तरी तिने त्याच आवाजात "घ्या" म्हटलं असतं.

बोलणी करायला पंडित धुळ्याला गेला आणि येताना निरोप घेऊन आला. विहीणबाईंनी तीन अभ्रे करायला सांगितलेत. तीन कशाला, हे त्याने विचारलं नाही. बायकांच्या जिनसांमध्ये पुरुषाने नाक खुपसू नये, एवढं एकच शहाणपण त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं. मग सुंदरबाईनेच हिशेब लावला: एक भाईदासचा, एक पुनाचा, तिसरा कोकिळाच्या लेकराचा. म्हणून तिसरा अभ्रा तिने लहान बेतला, हाताच्या दोन विती भरेल इतका.

मोठे दोन पुनाने बांधले. लहानाला मात्र सुंदरबाईने तिला हात लावू दिला नाही. त्यात तिने मोहरीचे दाणे घातले, इतके बारीक की डोळ्यांजवळ धरल्याशिवाय दोरा दिसू नये. दुपारभर उंबऱ्याशी बसून ती ते एवढंसं कापड बांधत राहायची. ते हातात असलं की तिला जरा बरं वाटायचं. बरं म्हणजे काय, आपण श्वास घेतोय एवढं कळायचं.

मोठ्या अभ्र्यांत पुनाने घातले होते हरभरे. क्लासच्या बाईंनी खडे सांगितले होते, पण घरात पोत्याने हरभरा असताना खडे वेचायला कोण जातो? उकळत्या रंगात व्हायचं तेच झालं. हरभरे टम्म फुगले, दोरे कापडात रुतले आणि घरभर शिजल्या हरभऱ्याचा वास सुटला.

"माय, हाई ते घुगरी व्हयी गयी," पुना हसत म्हणाली.

सुंदरबाईही हसली, उशिराने. मग उलथनं बाजूलाच असताना तिने अभ्रा काढायला सरळ पातेल्यात हात घातला. पुनाने तिचं मनगट धरून हात मागे ओढला. हात कोपरापर्यंत लाल झाला होता, रंगाने किती आणि भाजून किती ते कळत नव्हतं.

"दुखत नही का तुले?" पुनाने विचारलं.

"नही," सुंदरबाई म्हणाली, आणि ते खरंच होतं.

अभ्रे दोरीवर वाळत पडले तोवर धुळ्याच्या एसटीने विहीण आली, तानुबाई, नातवाला कडेवर घेऊन. लग्नाचं देणंघेणं एकदा समोरासमोर बोलून घ्यावं म्हणून आली होती. पंडित भाजी आणायला बाजारात गेला. तानुबाई वाईट बाई नव्हती. गुडघे धरलेले असताना तिने ते लेकरू वर्षभर सांभाळलं होतं, रात्री उठून दूध पाजलं होतं, आणि त्याचा उच्चार ती कधी करत नव्हती. तिने बाळ पुनाच्या मांडीवर दिलं आणि पाय लांब करून चहा घेतला. बाळाने लगेच पुनाची वेणी मुठीत धरली.

दोरे कापायला पुनाने ब्लेड घेतलं होतं. तानुबाईने सुटलेले अभ्रे एकेक करून मांडीवर पसरून पाहिले. "चांगला रंग बसेल शे," ती म्हणाली. मग तिच्या हाती लहान अभ्रा आला. "आनि हाऊ इतला ल्हाना कसाले?"

"बाळना शे," सुंदरबाई म्हणाली. "तुम्हीच तीन सांगा व्हतात ना."

तानुबाईला हसू आलं. "अवं याहीन, बाळले कसाले बांधनी? तिसरा सवतना ऱ्हास. घरमा काही बी नवं उनं ते पहिले सवतना नावनं काढी ठेवनं पडस, मंग पुनानी वापरानं. नही ते ती त्रास देस. हाऊ राहू द्या, मोठा करा दुसरा."

एवढं बोलून तिने कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत चांदीचा एक टाक होता, बोटभर पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. दुसरेपणावर जाणाऱ्या मुलीने मेलेल्या पहिल्या बायकोचा असा टाक गळ्यात घालायचा असतो. तानुबाईने तो पुनाच्या तळहातावर ठेवला आणि समजावून सांगितलं, "हाई तुनी सवत. रोज सकायले तिना पाया पडनं."

बाळाला थोपटणारा पुनाचा हात थांबला.

सुंदरबाईने टाकाकडे पाहिलं. दोन ठिपके म्हणजे डोळे, एक रेघ म्हणजे नाक. ती कोणाचीही कोणी नव्हती. आणि तिचं नाव सवत. गल्लीतल्या नळावर बायका भांडल्या की एकमेकींना हा शब्द मारायच्या. कोकिळाने पुनाला कडेवर घेऊन वाढवलं होतं, तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या होत्या, सासरहून येताना आधी तिच्यासाठी बांगड्या घेतल्या होत्या.   राग इतक्या दिवसांनी आला होता की तो राग आहे हे सुंदरबाईला ओळखूच आलं नाही.

"याहीन," ती म्हणाली, "मन्या दोन पोरी शेतस. सवती नहीत."

"रिवाज शे. मी काढा का तो?"

"तुम्ही नही काढा. पन पुनाले मी देत नही."

 तानुबाईने टाक पुन्हा पुडीत बांधला. बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. "मंग भाईदासले दुसरी पाहनी पडी. ती उनी म्हंजे पोऱ्याना मामाकडनी मानसं तिले चालावत नहीत. तुमले नातू दिसाव नही, याहीन. मी जित्ती शे तवलोंग काही करसू, मंग मना बी इलाज नही."

सुंदरबाईने बाळाकडे पाहिलं. त्याने कापलेला दोरा तोंडात घातला होता आणि पुना तो बोटाने काढत होती. कपाळ कोकिळाचं होतं. हे ती आजवर का बघू शकली नव्हती कोण जाणे, पण आता बघितलं.

"माहीत शे," ती म्हणाली.

"पंडितभाऊले येवू द्या."

"त्यासले मी सांगसू."

तानुबाई उठली. बाळ वेणी सोडेना, तेव्हा पुनाने त्याची बोटं उघडली. दारातून बाहेर पडताच ते रडायला लागलं, आणि गल्लीच्या वळणापर्यंत त्याचं रडणं घरात ऐकू येत होतं. मग ते ऐकू येईनासं झालं.

घरात दोघी राहिल्या. सुंदरबाईला वाटलं, पोरगी आता गळ्यात पडेल. पुना पडली नाही. ती जिथल्या तिथे बसून होती, मांडीवर बाळ असल्यासारखे हात धरून.

"तुले जानं व्हतं का तथं?" सुंदरबाईने विचारलं.

पुनाने मान वर केली नाही. "तुम्ही बठ्ठा हो म्हने तवय बी तू माले नही इचारं. आज नही म्हने तवय बी नही इचारं."

"आते मी इचारस."

"भाईदासकरता नही," पुना म्हणाली. "तो टाक ते मी कव्हयच नही घालती. पन पोऱ्याकरता माय, मी गयी असती. मी रोज तेच मनमा म्हनू. पन बोलू कोनसंगे? तू घरमा व्हतीच कोठे?"

सुंदरबाई उठून तिच्याजवळ गेली, तिच्या रिकाम्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडायला लागली. पंडित भाजीची पिशवी घेऊन दारात आला तेव्हाही ती रडत होती.