एकाच ढगाची दोन नावे

मी एक जुना ढगांचा तक्ता आहे. मित्रांनो, मला ढगांतले सगळे कळते असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटायचे.

छापखान्यात माझ्या अंगावर निळा रंग चढला, मग करडा. पाठीला कापड चिकटवले, वर-खाली लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि एका मोठ्या तलावाच्या धक्क्यावर, लाँचच्या तिकीटघरात मला टांगले. लाँच सुटेपर्यंत लोक मला वाचत. उंचावर विंचरलेल्या केसांसारखे तंतुमेघ : आज उघडीप, पण एक-दोन दिवसांत हवा बदलू शकते. करड्या चादरीसारखे स्तरमेघ : भुरभुर. जाड, काळपट वर्षास्तरमेघ : संततधार. कापसाच्या ढिगासारखे राशिमेघ : छान हवा. आणि ऐरणीसारख्या चपट्या माथ्याचा गर्जमेघ : विजा, वादळ, कधी गाराही. "किती सोपं करून सांगितलंय!" असे कुणी म्हटले की मी फुशारून जाई.

पण समोरच्या खिडकीतले आभाळ बघून मी गोंधळायचो. तिथे कुणीच आपल्या चौकटीत बसत नव्हते! चादरीला कापूस फुटलेला, केसांखाली ढिगारे. चूक माझी की आभाळाची?

पुढे लोकांच्या हाती फोन आले. माझ्या खिळ्यावर छत्र्या लटकू लागल्या. खालची पट्टी निखळली, ती कुणी लावली नाही.

एका दुपारी नर्सबाई धावत आल्या. पलीकडच्या काठावर एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. लाँच चालवायची ती जुन्या कप्तानांची सून. म्हातारे कप्तान मोतीबिंदूमुळे आता बाकावर बसून असत.

"फोनमध्ये तर सूर्य दाखवतोय," नर्सबाई म्हणाल्या. "निघूया ना?"

डोंगरावर एकच ढग होता. सूनबाईने छत्री बाजूला सारून माझ्या राशिमेघावर बोट ठेवले. "मामंजी, हाच वाटतोय."

"माझे डोळे आभाळापेक्षा ढगाळलेत, बाई. तूच सांग. माथा कसा आहे?"

"फुलकोबीसारखा. पण उंच चाललाय."

"कडा?"

"कापून काढल्यासारख्या स्वच्छ."

"मग अजून राशिमेघ. पण नजर ठेव."

ती दोर सोडायला गेली आणि तशीच परत आली. "मामंजी, कडा पिंजारल्यात. माथा चपटा पडतोय." आता तिचे बोट गर्जमेघावर होते.

मी चक्रावलो. तोच ढग, तोच डोंगर! माझ्यावर तर हे दोघे वेगवेगळ्या ओळींत होते.

"अहो, आत्ताच तुम्ही दुसरं नाव घेतलंत!" नर्सबाई चिडल्या.

"घेतलं," सूनबाई म्हणाली. "तेव्हा तो तसा होता. सिस्टर, मी लाँच सोडत नाही."

"आणि तिकडे ती अडली तर?"

सूनबाईचा चेहरा उतरला. "आपण मध्येच बुडालो, तर तिला कुणीच मिळणार नाही."

नर्सबाईंनी फोन लावला आणि त्या बाईच्या बहिणीला एकेक गोष्ट समजावू लागल्या : पाणी तापव, स्वच्छ कापड घे, घाबरू नकोस. तेवढ्यात दिवसाढवळ्या अंधारले. वारा दार उपटायला निघाला, पत्र्यावर गारा ताडताड कोसळल्या आणि फोन कट झाला. नर्सबाई तो नुसता हातात धरून बसल्या.

वादळ सरले, आभाळ चांगले निवळले, तशी लाँच सुटली. संध्याकाळी दोघी परतल्या.

"मुलगी झाली," नर्सबाई कप्तानांना म्हणाल्या. "मी पोचले तेव्हा मावशीच्या मांडीवर होती. मायलेकी सुखरूप आहेत. पण सगळं नीट झालं म्हणून, नाहीतर... थांबलो ते बरोबर की चूक, मला अजूनही कळत नाही."

"मलाही नाही," सूनबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मला पुसले, पट्टी ठोकली आणि पेन्सिलीने राशिमेघापासून गर्जमेघापर्यंत एक बाण काढला. छापील अंगावर ओरखडा! मला रागच आला. मग वाटले, छापखान्यात हेच राहून गेले होते का? पण मग बाकीच्या ढगांमध्ये किती बाण हवेत? ते मला आजही उमगलेले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे तक्ते भिंतीवर असतील तर त्यांना जपा. आमच्याकडून ढगांची नावे जरूर शिका. पण नाव सांगून झाले की लगेच पाठ फिरवू नका. थोडा वेळ तिथेच उभे राहा आणि पुन्हा वर बघा.