पाखरांचं वचन

रोवेनानं अट घातली ती फोनवर, शनिवारी.

"डॅडी, मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. तुम्ही जवळ असावं असं मला वाटतं. पण बायबलमधलं एकही वचन म्हणायचं नाही. उद्या मी जेवायला येते. जेवण होईपर्यंत जमलं, तर तुम्हाला तशीच बर्मिंगहॅमला घेऊन जाते. नाही जमलं, तर वर्नेल आत्या येईल."

"एवढंच ना?" मी म्हणालो.

रविवारी पहाटेच बॅग भरून दाराशी ठेवली. बॅगेत बायबल ठेवलं, काढलं, परत ठेवलं, आणि शेवटी स्वेटरखाली सरकवलं.

मग चर्चला गेलो. आमचे पाळक गॅडसन साधं बोलायला लागतात, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. बोलता बोलता आवाज सुराला लागतो, ऑर्गन मागून हळूच टेकू देतो, आणि माणूस बोलतोय की गातोय ते कळेनासं होतं. मी पहिल्या बाकावर उभा. "सावकाश, पाळक, सावकाश घ्या!" असं ओरडणं हे आमचं डीकन लोकांचं, चर्चच्या सेवकांचं, कामच. एकोणतीस वर्षं मी ते करतोय. त्या सुरात शिरलं की बोलायला शब्द शोधावे लागत नाहीत. सुख असेल तर सुखाचं वचन, मरण असेल तर मरणाचं. सगळं तयार, पिकून हाताशी लोंबतंय. माणसाला आणखी काय लागतं? असं मला वाटायचं.

रोवेना दोनला आली. ओसरीच्या चार पायऱ्या चढताना दोनदा थांबली. पावलं सुजून बुटांबाहेर आली होती. चाळीस वर्षांची माझी लेक, मला माझ्या आईएवढी म्हातारी दिसली. माझ्या ओठांवर वचन आलंच होतं, मी खोकलो.

"शाब्बास," ती म्हणाली. "गिळलंत. मला दिसलं."

आमच्या टेबलावर वचन म्हटल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. माझ्या आजोबांपासूनची रीत. पोरं भुकेली असली की सगळ्यांत छोटं, प्रभूच्या रडण्याचं दोन शब्दांचं वचन फेकून चिकनवर झडप घालायची. मी ते चालू द्यायचो नाही. रोवेना मात्र नऊ वर्षांची असताना आख्खं स्तोत्र म्हणायची, भाजी गार होईपर्यंत. बायबलमधला कुठलाही संदर्भ द्या, ती सगळ्या पोरांआधी पान उघडायची.

"मी म्हणते बाई, माझ्यावर बंदी नाही," वर्नेल म्हणाली. माझी थोरली बहीण. आणि मुद्दाम लांबलचक वचन काढलं.

माझी पाळी आली. हात ताटाशी गेला आणि तिथंच राहिला. साठ वर्षांत न म्हणता जेवलो नव्हतो.

"डॅडी, जेवा. चिकन काही उडून जात नाही."

"जेवतोय की."

"नुसतं बघताय."

"अगं, त्याला खाऊ दे त्याच्या चालीनं," वर्नेल म्हणाली. "तुझा बाप आहे तो, संशयित नव्हे."

जेवलो. टोमॅटोवर बोललो. शाळेच्या बसवर बोललो; मी पस्तीस वर्षं चालवलेली बस दुसऱ्या कुणी खड्ड्यात घातली, त्यावर बोललो. कॉलर्डची भाजी संपली, मक्याचा पाव संपला, आणि मी मनातल्या मनात बॅग उचलून गाडीत ठेवलीसुद्धा. मग शेवटचं गोड, पीचचं कॉबलर आलं.

"झडप कसली बसवणार गं?" वर्नेलनं विचारलं.

"डुकराची."

वर्नेलनं चमचा खाली ठेवला. "आयुष्यभर ज्याला चापून खाल्लं, तेच आता आत बसून धडधडणार!"

रोवेना हसली. मनापासून हसली, दम लागेपर्यंत. तीन वर्षांत ते हसू मी ऐकलं नव्हतं. माझा बांधच फुटला. दगडाचं काळीज काढून नवं काळीज देईन म्हणणारं ते वचन तोंडातून बाहेर पडलं, आणि नुसतं पडलं नाही, सुरात पडलं.

तिचं हसू थांबलं.

"यहेज्केल. छत्तीस. सव्वीस," तिनं संदर्भ सांगितला.

"पोरी, चुकून—"

"माहिती आहे चुकून. तेच तर."

तिथं गप्प बसायला हवं होतं. पण घसरलेली गाडी सावरायला मला एकच चाक माहीत. मी ईयोब काढला. तिनं ईयोबाच्याच मित्रांचं बोलणं काढलं, ज्यांना देवानं शेवटी फटकारलं होतं. मी पौल काढला. तिनं पौलाच्याच पत्रांतली दोन वचनं माझ्यापुढं ठेवली, तोंडपाठ, संदर्भासकट. जिचा विश्वास नाही ती माझ्यापेक्षा पक्की. वर्नेल या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत होती.

"ममीला आठवा," रोवेना म्हणाली. आवाज एकदम खाली आला. "शेवटच्या आठवड्यात तिनं तुम्हाला विचारलं होतं. मी उशी धरून उभी होते. 'इझेल, मी गेल्यावर तू काय खाशील?' तुम्ही काय उत्तर दिलंत?"

मला आठवत होतं. आभाळातल्या पाखरांचं वचन म्हटलं होतं. न पेरणारी, न कापणारी, तरी पोटभर खाणारी पाखरं. चांगलं म्हटलं होतं, असं वाटलं होतं तेव्हा.

"तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तिला पाखरांचं नव्हतं ऐकायचं, डॅडी. माझ्या ममीला, डेलफिन टॉलिव्हरला, तिच्या नवऱ्याचं ऐकायचं होतं."

वर्नेल उठली आणि ताटं गोळा करायला लागली, हळू, आवाज न करता.

"आत्या, तुझी पर्स घे," रोवेना म्हणाली.

वर्नेलनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. कुणीतरी जायला हवंच होतं.

मी तरी बॅग घेऊन गाडीपर्यंत गेलो. रोवेनानं काच खाली केली. इंजिन चालू होतं, पण ती निघत नव्हती. मला कळलं, ती वाट बघतेय. एक वाक्य. एकच. माझ्यातलं काहीतरी.

शोधलं. देवाशपथ, शोधलं. जिथं हात घातला तिथं कुणीतरी आधीच बोलून गेलेलं. दावीद, यशया, गॅडसन पाळक. शेवटी एवढंच आलं:

"घाबरू नकोस."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही.

"हे कुणाचं, डॅडी? तुमचं, की बायबलातल्या त्या देवदूताचं?"

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. मी दारावर हात ठेवून उभा राहिलो, आणि तिनं तो हात अलगद उचलून बाजूला केला, जसा ती लहान असताना मी तिचा करायचो, बसचं दार लावताना.

गाडी वळणापलीकडं गेली. मी बॅग परत दाराशी ठेवली. टेबलावर तिच्या वाटीत कॉबलर तसंच होतं. आता वचन म्हणायला कुणाची बंदी नव्हती. तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

मी डेलफिनच्या खुर्चीसमोर बसलो.

"डब्यातलं सूप," मी मोठ्यानं म्हणालो. "सोमवार ते शनिवार. कधी पाव भिजवून. रविवारी वर्नेल आणते. तुझ्यासारखे बीन्स मला जमत नाहीत, डेलफिन. दोनदा करपले. मग सोडून दिलं."

घरात कुणी नव्हतं. रोवेना आता गावाबाहेरच्या पुलाच्या पुढं गेली असेल, आणि गाडी चालवताना ती फोन उचलत नाही.